घटनेचा तपशील

पाणी सव्वापाचला येतं.
त्याआधीची पस्तीस मिनिटं माझी.
ओट्याशी उभी राहून लिहिते,
खुर्ची ओढली की आतल्या खोलीत
कुणीतरी कूस बदलतं.
शेगडीच्या काचेवर वही. वर मसाल्याच्या फळीखालचा पिवळा दिवा.
पद्मिनी तांडेल डिसेंबरपासून
कळव्याच्या पुलावर उभी आहे, चपला हातात घेऊन.
तिनं पलीकडे जायचं की मागं फिरायचं
एवढंच मला ठरवायचंय,
आणि नळ खोकतो.

नऊला वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
वाहन विमा, दावे विभाग, दुसरा मजला.
दिवसभर लोकांच्या गोष्टी वाचायच्या
आणि त्यातली खोटी कुठली ते सांगायचा पगार घ्यायचा.
‘समोरून अचानक म्हैस आली.’
दर तिसऱ्या अर्जात तीच म्हैस,
घोडबंदरला, शिळफाट्याला,
मानपाड्याच्या सिग्नलवरसुद्धा.
देवरुखकर साहेब म्हणतात,
बाई, तुम्हाला बरोबर वास येतो, कसा काय?
चोराच्या वाटा चोराला ठाऊक,
पण हे ऑफिसात बोलायचं नसतं.

विलासनं गॅसच्या बिलामागे हिशोब मांडला.
फ्लॅटचा हप्ता, ओवीची फी, आईंच्या गोळ्या.
चौदा महिने निघतील, म्हणाला,
दात दुखला तर तेरा.
ते बिल अजून फ्रिजवर आहे, आंब्याच्या चुंबकाखाली.
राजीनामा मी सहा वेळा लिहिला.
कादंबरीचं एकही प्रकरण इतकं सफाईदार नाही.

गेल्या ऑगस्टात एक अर्ज आला.
मधुसूदन म्हसकर, टेम्पोचालक, राहणार दिघा.
मांडववाल्याच्या खुर्च्या भरून निघाला होता,
गायमुखच्या उतारावर ब्रेक लागला नाही.
‘घटनेचा तपशील’ या रकान्याला तीन ओळींची जागा असते.
त्यानं कागद उलटून मागंही लिहिलं होतं:
मी बाहेर आलो तर सहा खुर्च्या रस्त्यात सरळ उभ्या,
जसं काय कोण बसायला येनार.
मग मी पन बसलो. पोलीस येईपर्यंत.

हे सुचत नाही कुणाला. हे घडावं लागतं.
खरं होतं सगळं, शब्द न् शब्द.
लायसन नऊ दिवसांपूर्वी संपलेलं.
कलम लिहिलं, सही केली, दावा नामंजूर.
आणि सहा खुर्च्या
डब्याच्या पिशवीत घालून घरी आणल्या.

आता त्या सातव्या प्रकरणात आहेत.
पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला होता, नाही म्हणायला.
म्हणाले, बाकी कच्चं आहे अजून,
पण ते खुर्च्यांचं कुठून आणलंत हो?
सुचलं, म्हटलं.
घटनेचा तपशील: एक शब्द, तोही खोटा.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे.
फाइल बंद झाली तरी नंबर राहतो.
दोनदा लावला, वाजायच्या आत कापला.
काय सांगणार,
पैसे नाही मिळाले तुम्हाला, पण वाक्य लागलं?

नोकरी कधी सोडतेस, बहीण विचारते.
मीही विचारते, महिनाअखेरीला जरा जोरात.
पण पूर्ण दिवस घरी बसून लिहायला लागले
तर कागद उलटून लिहिणारा माणूस
माझ्या दारात कशाला येईल?
हे कारण आहे की सबब,
म्हशीसारखा याचाही वास घेऊन बघितला.
स्वतःचा वास येत नाही माणसाला.

आज चार चाळीसला पद्मिनीला पुलावरून उतरवलं,
चालवत चालवत सातव्या प्रकरणापर्यंत आणलं,
रस्त्याच्या मधोमध खुर्चीवर बसवलं.
तिनं चपला खाली ठेवल्या.
शेजारची खुर्ची हातानं पुसली
आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी ओट्याशी उभीच.
नळ खोकला.
बादली लावली.