घोण

घणसोलीला, सिडकोच्या खोलीत,
रात्री दीडला न्हाणीच्या जाळीतून वर आली:
वीतभर, काळ्यावर नारिंगी पट्टे.
पैसा असता तर काडी लागताच वेटोळं झाला असता.
ही धावली.
शेपटाकडचे पाय मिशांसारखे;
तोंड कुठलं ते ठरवेस्तोवर
वेणाबायच्या अंगठ्यावर दोन टिंबं.

किंचाळली, शिव्या दिल्या,
मग लोणच्याच्या बरणीत कोंडून मोजत बसली:
पेराला एक जोडी, एकवीस पेरं.
"मरत नाय कोन घोणीनं."

डॉक्टर वऱ्हाडातले. "घोण म्हणजे?"
बरणी टेबलावर. खुर्ची मागे सरकली.
"गोम! ठणकेल रात्रभर. पाय गरम पाण्यात ठेवा.
धाप लागली, गरगरलं, तर लगेच या."

तीन वाजता रिक्षात आम्ही तिघं गप्प.
अंगठा वांग्याएवढा, ते ठीक.
बरणी उघडायची कुणी,
खरी गोम ती.