खळगी

मंगळवारी दुपारी शोल्तिसेकांचा कबुतरखाना गेला.
गेला म्हणजे, होता तिथे नऊ मीटर खोल भोक
आणि तळाशी एक निळं दार, आकाशाकडे तोंड करून.
कबुतरं तेव्हा उडायला सोडली होती.
परतली, आणि अंधार पडेपर्यंत
नसलेल्या छपराच्या उंचीवर घिरट्या घालत राहिली.

आम्ही गुरुवारी आलो, ड्रिल घेऊन.
माझ्याकडे खाणीचा नकाशा, १९०८चा, कापडावर चिकटवलेला.
थर दोनशे मीटरवर, खांब सोडलेले,
सगळं सुवाच्य जर्मन अक्षरात.
या गल्लीखाली उथळ असं काहीच नाही.
अडीच-अडीच मीटरवर भोकं पाडत गेलो.
वाळू, चिकणमाती, वालुकाश्म.
वाळू, चिकणमाती, वालुकाश्म.
झिता वहीत तेच तेच लिहीत होती.

चौथ्या दिवशी कुंपणापाशी अलोयझ बुयोचेक आला,
ब्याण्णव वर्षांचा, पायात घरातल्याच सपाता.
काठी टेकत बटाट्याच्या वाफ्यातून चालत गेला,
प्लमच्या झाडामागे थांबला.
"इथे."
मग सात पावलं. "आणि इथे.
इथे आई आम्हाला खेळू देत नसे."

सन पस्तीस. खाण बंद, बाप बेकार.
तिघे शेजारी रात्री खणायचे:
बादली, सायकलच्या चाकाची कप्पी, कार्बाइडचा दिवा.
पोलीस आले की आई पोत्यांवर घोंगडी टाकायची
आणि घोंगडीवर कोंबड्या सोडायची.
चोरी ती चोरी, म्हणाला.
पोटाची खळगी भरायला खणलेली खळगी
त्याने इतकी वर्षं पोटातच ठेवली.

सहा मीटरवर ड्रिल हातातून सुटल्यासारखं खाली गेलं.
भोकातून हवा आली, थंड, जुन्या तळघराची.
कॅमेरा सोडला: पाइनचा एक टेकू,
अजून सालीसकट, अजून उभा.

आधी घट्ट मिश्रण, कडेने बांध घालायला. मग पातळ.
सिमेंट, पाणी, वीजकेंद्राची राख.
घाई चालत नाही. दाब जास्त झाला तर अंगण फुगतं,
कमी पडला तर पोकळी तशीच राहते, वाट बघत.
हिशेब तीस घनमीटरचा होता.
सत्तर गेले. एकशे दहा.
झिता माझ्याकडे बघते, मी म्हाताऱ्याकडे,
म्हातारा आपल्या सपातांकडे.
"मेहनती होती माणसं," म्हणाला.

ही राख कुठल्या कोळशाची, त्याने विचारलं.
माहीत नाही, मी म्हटलं. असेल इथलाच.

एकशे चौऱ्याऐंशीला दाबाचा काटा हलला.
झिताने झडप बंद केली, आणि अचानक
गल्लीतल्या कुणाचातरी रेडिओ ऐकू येऊ लागला.

नव्या नकाशावर मी दोन वर्तुळं काढली.
रकाना होता: कोणाची खाण?
तो बराच वेळ गप्प.
मग बापाचं नाव सांगितलं, एकेक अक्षर,
स्पेलिंग चुकू नये म्हणून,
आणि घराकडे निघाला,
भरलेल्या जागेला वळसा घालून.