नगलाभाई नकाशा वाचतात

बडोद्याची कचेरी, तिसरा मजला.
एसीचं पाणी बादलीत टपकतंय
आणि टेबलावर माझा नकाशा:
ओरसंगचं खोरं, चार महिने, अकरा रंग.
कॉम्प्युटर आले तरी साहेबांना अजून हातचाच लागतो.
कडेला सुबक अक्षरांत लिहिलंय, लोकसहभाग,
खाली सह्यांसाठी चौकोन.

नगलाभाई राठवा बडवा आहेत.
त्यांच्याकडं भिंतीवर पिठोरा लिहून झाला
की तो वाचून घ्यावा लागतो.
अंगात आलेला बडवा तलवारीचं टोक
एकेका घोड्यावर टेकवत जातो:
हा आला, ही आली, तो कुठाय?
राहिलेलं तिथल्या तिथं काढायचं,
नाहीतर देव घरात आलाच नाही.

इथं तलवार नव्हती.
त्यांनी माझी सहा इंची पट्टी उचलली.

‘ही नदी?’
हो.
‘निळी कशी? आमची तर आठ महिने वाळूच असते.’

‘आणि हे?’
वनखंड एकशे बारा.
‘डोंगराला कुणी आकड्यानं हाक मारतं?’

झिणकीबेन इतका वेळ बशीतला चहा फुंकत होत्या.
त्यांनी वळणावरच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं.
तिथं मी रेतीची लीज दाखवली होती.
‘ह्याच्यात माझा वीरडा आहे. सासूनं दाखवलेला.
कोपरभर उकरलं की पाणी लागायचं.
ट्रक यायला लागले, आता कंबरभर.’

साहेब समजुतीनं म्हणाले, ह्या मापात वीरडा
पेन्सिलीच्या टोकाहून बारीक, बेन.
‘मधमाशीपण बारीकच,’ नगलाभाई म्हणाले,
‘ती काढली नाही तर पिठोरा पुरा होत नाही.’

मग त्यांनी पट्टी माझ्या लाल हद्दीवर ठेवली
आणि सगळी हद्द फिरवून आणली,
हळू, जिथून निघाली तिथपर्यंत.
पुन्हा एकदा.
‘दार कुठाय?’

कुणी काही बोललं नाही. बादलीत थेंब.
‘आमच्या चौकटीला खाली दार असतं,
दोन बाजूंना दोन वाघ.
बंद चौकटीत देव कुठून येणार?
आणि आमच्या बकऱ्या?’

सही केली नाही त्यांनी.
रागावलेही नाहीत. चारची बस होती,
डेपोला कुठून जायचं ते विचारून घेतलं.

साहेब म्हणाले, खासगीवाले, बैठक झाली असं लिहा.

सगळे गेल्यावर मी ब्लेड काढलं.
लाल रेघ खरवडली, नखाएवढी.
कागद तिथं जरा फुगला.
वाघ काढून पाहिले दोन बाजूंना,
मांजरांसारखे झाले. राहू दिले.

वळणावर एक ठिपका दिला पेन्सिलीनं.
त्याला रंग कुठला,
ते झिणकीबेनना विचारायचं राहिलं.