लाभ

बोटाखाली डावी-उजवी सरकायची गाठ,
वर-खाली नाही.
दाबली की खोकला.
"आवाजाच्या नसेवरची. साधी आहे," कुरियनबाई म्हणाल्या,
"साल राखून आतलं काढू.
आवाज बसेल. किती दिवस, सांगत नाही."

मी तुर्भ्याच्या कांदा बाजारात मापाडी.
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही.

दोन वर्षं नुसती मोजली तिला,
फिल्मवर पांढरी:
सव्वा, दीड, अडीच सेंटिमीटर.
मग एकदा पाणी गिळताना अडकलं.

नेरूळ. शुद्धीत आलो,
खिडकीत खाडीचा खारा उजेड.
"बोला काहीतरी."
देवाचं नाव सुचेना.
ओल्या गोणीतून ओढल्यासारखं निघालं,
"लाभ."

हौसा उशाशी वाकली.
"दोन," म्हणाली.