पाण्याची सेटिंग

फटी हळदणकर पिशवीतून लॅपटॉप काढतात
तेव्हा आधी निघते एक काकडी,
मग टॉवेल, मग चार्जर, मग तो.
"बाय, ह्याचं ग्राफिक कार्ड बदलून दे.
पाणी पाण्यासारखं दिसत नाही."

डिचोलीच्या बसस्टँडमागे, पोदेराच्या वरच्या माळ्यावर
माझं दुकान. तीन वाजता खाली पाव निघतात
आणि झाळकामाच्या धुरात त्यांचा वास मिसळतो.
लोक येतात स्क्रीन फुटली म्हणून, चहा सांडला म्हणून.
पाण्याची तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं.

गेममध्ये जहाज चालवायचं असतं.
एकतीस वर्षं सारमानसच्या धक्क्यावरून
मुरगावपर्यंत खनिज नेलेला माणूस
आता दुपारी जेवून परदेशी बंदरात शिरतो
बाणांच्या चार बटणांनी.
"जहाज बरं आहे. उशिरा वळतं, खऱ्यासारखं.
पण पाणी म्हणजे पत्रा.
पत्र्यावर कोण बार्ज घालतो?"

लॅपटॉप खाणीच्या सर्व्हे ऑफिसातला,
खाण बंद पडल्यावर खुर्च्यांबरोबर लिलावात गेलेला.
झाकणावर अजून कंपनीचा आकडा आहे, दोनशे सतरा.
ह्याच चिपने कधी खड्डा काढला असेल,
पायऱ्यापायऱ्यांचा, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारा,
आत पाणी नसलेला.

मी तो पालथा घातला. बारापैकी अकरा स्क्रू होते.
पंखा उघडला आणि
लाल.
पात्यांना, जाळीला, तांब्याच्या नळीला
तीच, जी आमच्या शाळेच्या मोज्यांवर बसायची,
जिच्यासाठी आई ट्रक सुटायच्या आधी
वाळत घातलेली अर्धी ओली चादर आत ओढायची.
फटीमामांनी चिमटीत घेतली, चोळली,
उजेडाकडे धरली.
"अठ्ठावन टक्के," म्हणाले. "बरा माल."

मग मी सांगितलं, जे रोज कोणालातरी सांगते:
हे कार्ड खाचेत बसवलेलं नसतं, मामा,
बोर्डालाच झाळलेलं असतं.
ते काढायचं तर सगळंच काढावं लागतं.
"बार्जीचं इंजिन आम्ही दोनदा बदललं."
बार्ज मोठी.
"हं," म्हणाले, आणि काकडी कापायला सुरी मागितली.

ब्रशने धूळ काढून पेपरावर जमवली,
चिपवरची सुकलेली खपली खरवडली,
साबुदाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली.
पंख्याचा दम परत आला.
पण पाणी पत्राच.

तेव्हा सेटिंगमध्ये शिरले.
चिपमध्ये जेवढा जोर आहे तेवढाच आहे,
वाटणी तेवढी आपल्या हातात.
झाडं कमी केली. ढग काढले.
सावल्या बंद. लांबचे डोंगर बंद.
धक्क्यावर फिरणारी माणसं, दोर टाकणारी, हात करणारी,
एका टिचकीत बंद.
सगळं वाचवलेलं पाण्याला दिलं.

आणि ते हललं.
नाळेखाली फाटलं, मागे पांढरं होत गेलं,
कडेला तेलासारखं चमकलं.
फटीमामा बाकावरून उठले.
खूप वेळ स्टुलाला धरून बघत राहिले.
"भरती की ओहोटी?"
गेममध्ये तसं काही नसतं, मी म्हटलं.
"असतं. बघत राहिलं की कळतं."

जहाज धक्क्याला आलं.
धक्का धुतल्यासारखा. एक क्रेन, कोणी नाही.
त्यांनी भोंग्याचं बटण दाबलं.
पुन्हा दाबलं.

"माणसं परत घाल, बाय.
पाणी राहू दे तसंच, पत्र्याचं.
दोर घ्यायला कोण नसेल तर लावू कुठे?"

मी घातली. पाणी गोठलं,
धक्क्यावर एक पिवळ्या टोपीचा माणूस हात करू लागला,
तोच तोच हात, तसाच.

साफसफाईचे साडेतीनशे झाले.
बारावा स्क्रू माझ्या डब्यातला लावला, थोडा लांब होता,
पण बसला.
काकडीचा एक तुकडा त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता,
धुळीच्या पेपरावरच, नेमका कोपऱ्यात.
मीठ लावलेला.