उरलेली तेवीस

शुक्रवारी चार चाळीसला बातमी आली,
आयती, मथळ्यासकट.
फोटो कुठला लावायचा तेही खाली लिहिलेलं.
‘गेल्या शनिवारी बॅलरॅटमध्ये लिलावात ब्याऐंशी टक्के घरं विकली.
थांबाल तर मुकाल.’
पाठवणारा, एजंटांचा संघ.
प्रतिक्रिया, त्याच संघाच्या अध्यक्षांची.
तज्ज्ञ म्हणून जो बोलला होता
तो कर्ज देणाऱ्या बँकेतला.
म्हणजे नवरदेव त्यांचा, भटजी त्यांचा
आणि टाळ्या वाजवायला आम्ही.

ग्लेनिसनं चष्मा कपाळावर सरकवला.
संपादक झाल्यापासून तिचा आवाज चढलेला
मी एकदाच ऐकलाय, तोही क्रिकेटवरून.
समासात पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिले:
कोणी मोजलं?

वीस वर्षं मी ही बातमी लावत आलो होतो.
रतीब घालावा तसा आकडा यायचा,
मी त्याला मथळा घालायचो.
उसळी, तेजी, झुंबड –
मसाल्याच्या डब्यात असावेत तसे शब्द हाताशी.
भाव पडले, तर चिमूटभर ‘स्थिरावले’.
कोणी मोजलं, हे मला कधी सुचलं नाही.
खोटं कशाला बोलू, सुचलं होतं.
पण पुरवणी चाळीस पानांची होती
आणि पगार एक तारखेला व्हायचा.

इलेनीनं फोन लावला.
नोकरीला लागून तिला सहा महिने झालेत.
‘माफ करा, मूर्ख प्रश्न आहे,’ अशी सुरुवात करते
आणि मग सोडत नाही.
ब्याऐंशी टक्के म्हणजे किती घरं?
नऊ.
कितीपैकी?
अकरा.
पण चौतीस लिलावांच्या जाहिराती आमच्याकडेच आहेत.
हो, पण निकाल अकरांचेच कळवले गेले.
आणि उरलेली तेवीस?
पलीकडे कुणीतरी पाण्याचा घोट घेतला.

अंधार पडायच्या आत ती सेबॅस्टोपोलला जाऊन आली.
लाकडी फळ्यांचं घर, पाटी अजून उभी,
पाटीवरच्या एजंटाचे दात पावसानं धुऊन निघालेले.
शेजारी सांगत होता,
लिलाव पुकारणारा कोपऱ्यातल्या निलगिरीकडे बोट दाखवून
बोली घेत होता.
झाडानं चार वेळा भाव वाढवला, म्हणाला,
मग झाडही थकलं.
स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा हलला.
घरमालकीण श्रीमती हॉकली
दाराशी आल्या, पण बोलल्या नाहीत.

सहा वाजता जाहिरातवाला ड्यूगल जिना चढून वर आला.
भांडायला आला नव्हता बिचारा.
खुर्ची ओढली, बसला,
पुढच्या वर्षी किती जणांना घरी पाठवावं लागेल
ते बोटांवर मोजून दाखवलं.
ग्लेनिसनं सगळं ऐकून घेतलं.
तो आकडा तिनं कोणी मोजला म्हणून विचारला नाही.

बातमी गेली पाचव्या पानावर, एक कॉलम.
‘चौतीस लिलाव; विकल्याचं कळलं नऊंचं;
तेवीसांचे निकाल कळवलेलेच नाहीत.’
पुरवणीच्या पहिल्या पानावर मात्र
तेच जोडपं, तीच किल्ली, तेच हसू.
ते आमच्या हातात नव्हतं,
निदान त्या आठवड्यात.

रात्री मी घरी गेलो.
कबूल करतो, मला तो आकडा आवडायचा.
दर शनिवारी बायको आणि मी चहा घेता घेता
आमचं घर मनातल्या मनात विकायचो,
दर वेळी जास्त भावानं.
आमची मुलगी त्याच शहरात, छत्तीस वर्षांची,
दर जूनमध्ये खोकी बांधते,
नवं भाडं, नवी खोली.
या दोन गोष्टी मी एकाच पानावर
कधी लावल्या नव्हत्या.

सोमवारी डेस्कवरचा फोन मीच उचलला.
श्रीमती हॉकली.
त्या तेवीसात माझं होतं का, त्यांनी विचारलं.
हो, म्हणालो.
बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत,
मागे किटली शिट्टी घालत होती.
एजंट म्हणाला होता, फक्त तुमचंच गेलं नाही,
रंग काढा, भाव उतरवा.
तेवीस, त्या म्हणाल्या.
मग पुन्हा, जरा मोठ्यानं, आत कुणालातरी:
अगं, तेवीस.