चाळीस किलो

शुऐबा बंदराच्या फाटकाशी माझा वजनकाटा.
आधी रिकामा ट्रक, मग भरलेला,
दोन्हींतली वजाबाकी म्हणजे माल.
अकरा वर्षं मी वजाबाकीच करत आलोय.

शुक्रवारी सकाळी अहमदीला जातो.
चर्चच्या आवारातली सात नंबरची खोली
पावणेसात ते सव्वाआठ मराठी मंडळीची.
सव्वाआठच्या ठोक्याला दाराबाहेर मल्याळी मंडळी,
काखेत की-बोर्ड, पोरांच्या केसांत ओला भांग.
शेवटचं आमेन आम्ही चपला घालता घालता म्हणतो.

भिंगारदिवे मास्तर, एका डेअरीत हिशेबनीस,
त्या दिवशी मंदिराच्या समर्पणाचा अध्याय घेऊन उभे.
गंधसरूच्या भिंती, सोन्याने मढवलेले करूब,
आणि कोशात? दोन दगडी पाट्या. बस्स.
मग मेघ आत आला
आणि याजकांना पायांवर उभं राहवेना.
"का राहवेना?" मास्तरांनी चष्मा काढला.
"इब्रीत तेजाचा जो शब्द, तो जडपणातून आलेला.
आणि आपला गौरव? गुरूपासून. गुरू म्हणजे जड.
डोळे दिपले म्हणून नाही वाकले ते. भार आला."

मी मागच्या खुर्चीत ताठ झालो.
माझ्या धंद्याची गोष्ट निघाली होती.
आमच्या राहुरीला वजन म्हणजे
तहसिलात फायलीवर ठेवायचं ते,
नाहीतर मेहुण्याचं, साखर कारखान्यात असलेलं.
देवाला मी कधी काट्यावर चढवलं नव्हतं.

एस्तेर वहिनींना कुणाची भीड नाही. म्हणाल्या,
"मंदिर पडलं तेव्हा मग ते वजन गेलं कुठं?"
मास्तर म्हणाले, आधीच गेलं होतं.
उंबरठ्यावर थांबलं, पूर्वेच्या फाटकाशी थांबलं,
पाय निघत नसल्यासारखं,
आणि निघालं. चाकं होती तिथं, चाकात चाक.
बाबेलात, खबार नदीकाठी,
धरून नेलेल्या माणसांतल्या एकाला दिसलं.
"तिकडचं पाणी," त्यांनी खिडकीतून उत्तरेला बोट केलं,
"शेवटी याच आखातात येतं."
तेवढ्यात दार वाजलं. सव्वाआठ.
गौरवालाही खोली रिकामी करून द्यावी लागली.

मंगळवारी रात्री धुळीचं वादळ उठलं.
क्रेन थांबल्या. खांबांवरचे दिवे हळदीसारखे झाले.
रांगेतला शेवटचा ट्रक काट्यावर चढला,
ड्रायव्हर बख्त झमीन, स्वातचा.
वजनाच्या वेळी ड्रायव्हरने उतरायचं, असा नियम.
तो उतरेना. फोन मांडीवर पालथा.
दुपारी आई गेली होती त्याची.
पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत,
तिजोरीची किल्ली साहेबाकडे, साहेब बैरुतला.
मी काचेतून हात केला, बस, बस.
त्याच्यासकट वजन घेतलं. पावतीवर तसं लिहिलं नाही.
पाच-सात मिनिटं आम्ही दोघं
दोन काचांआडून
एकमेकांकडे बघत नव्हतो.

तो गेला. आकडे उतरत उतरत
चाळिसावर अडले.
चाळीस किलो, रिकाम्या लोखंडावर.
रेती असणार. वादळात साचतेच.
दर वेळी मी झाडू मारतो, शून्याचं बटण दाबतो,
त्याशिवाय पुढचा ट्रक घेता येत नाही.

पुढचा ट्रक नव्हता.
बोट बटणावर होतं, तसंच राहिलं.
बाहेर फाटक दिसेना, समुद्र दिसेना,
फक्त तो तांबडा आकडा,
आणि केबिनच्या पत्र्यावर रेतीची सरसर.

सहाला पाळी बदलायला साजू आला, कोट्टयमचा.
"हे चाळीस कसले?" म्हणत त्याने शून्य दाबलं.
मी कोपऱ्यात बूट शोधत होतो.
कधी काढले होते, आठवत नाही.